येण्याचे पैसे : बलुत्यापासून व्हिजिट चार्जपर्यंत

स्मरणिका समितीची तरुण मंडळी घरी आली आणि म्हणाली, "काका, तुम्ही सोसायटीचे जुने खजिनदार. पंचवीस वर्षांच्या हिशोबावर काहीतरी लिहा." मी जुनी इतिवृत्ते आणि कीर्दखतावण्या काढून बसलो. बांधकाम, कर्ज, कन्व्हेयन्स हे सगळे वार्षिक अहवालात येऊन गेले आहे, ते पुन्हा कोण वाचणार? म्हणून सभांमध्ये सगळ्यात जास्त आवाज कशावरून चढला, तेवढेच शोधले. पार्किंगचा पहिला नंबर अर्थातच ठरलेला. दुसरा नंबर मात्र मला अनपेक्षित होता. २००४ ची सभा घ्या, २०११ ची घ्या, २०१९ ची घ्या, एक वाक्य शब्द बदलून येतेच : "दुरुस्तीला येणारे लोक नुसते येण्याचेच पैसे मागतात."

एका सभासदाने तर लेखी तक्रार दिली आहे : "नळाचे वायसर पाच रुपयांचे, बसवायला पाच मिनिटे, आणि बिल साडेतीनशे." त्यावर सचिवांचा शेरा : "विषय गंभीर आहे. पुढील सभेत घ्यावा." पुढच्या सभेत तो घेतलेला दिसत नाही.

तर हा विषय आता मी घेतो. कारण याच विषयात माझ्या हातून एक चूक झाली आहे, आणि रौप्यमहोत्सवात ती कबूल केलेली बरी.

खळ्यावरचा हिशोब

येण्याचे पैसे हा प्रकार मी लहानपणी पाहिलाच नव्हता. माझे बालपण शेवगाव तालुक्यातल्या एका ज्वारी-बाजरीच्या गावात गेले. पाभरीचा फण निसटला, कुळवाची पास बोथटली की वडील मला सुताराकडे किंवा लोहाराकडे पिटाळत. पैसे द्यायचे नसत. सुगी झाली की खळ्यावर सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट असे एकेक जण येत आणि आपापले बलुते घेऊन जात. कोणाला पेंढ्या, कोणाला पायल्यांनी धान्य.

बारा बलुतेदार म्हणजे नेमके कोण, याच्या याद्या गावोगाव थोड्या वेगळ्या असत. पण त्यांच्या थोरली, मधली आणि धाकटी अशा ओळी होत्या आणि ओळीप्रमाणे वाटा ठरे. सुतार आणि लोहार थोरल्या ओळीत, कारण त्यांच्याशिवाय औत चालत नाही. नियमही पक्के होते. जुन्या अवजाराची दुरुस्ती बलुत्यात. लाकूड, लोखंड, कोळसा शेतकऱ्याचा. लोहाराकडे गेले की घण मारायला आपलाच गडी द्यायचा. नवी बैलगाडी करायची किंवा घराचे काम काढायचे तर त्याची मजुरी वेगळी.

मी बँकेत नोकरी केली, त्यामुळे आता त्याकडे पाहिले की वाटते, हा तर वार्षिक देखभालीचा करार होता. वर्षाची एकरकमी फी, मजुरी त्यात धरलेली, सामान ग्राहकाचे, नवीन काम वेगळे. आज फ्रीज-एसीच्या कंपन्या ज्याला एएमसी म्हणतात, ते आपल्या खळ्यावर कित्येक शतके चालू होते. शिवाय त्यात जोखीमही वाटून घेतलेली होती. पीक बुडाले तर बलुतेही बुडाले. नगर जिल्हा पडला अवर्षणाचा. शेतकऱ्याबरोबर सुतारही उपाशी राही.

पण या व्यवस्थेचे गोडवे गाताना अर्धीच गोष्ट सांगू नये. त्रिं. ना. आत्रे यांचा 'गावगाडा' हा ग्रंथ १९१५ साली प्रसिद्ध झाला. गावच्या कारभाराचा इतका बारीक हिशोब मराठीत दुसरा क्वचितच असेल. त्यात कुणब्याच्या बाजूने तक्रार अशी की बलुतेदार-अलुतेदारांचा भार फार, आणि काम मात्र मनासारखे होत नाही. म्हणजे आपल्या सभेतली तक्रार शंभर वर्षांपूर्वीही होतीच.

आणि दुसऱ्या बाजूची तक्रार त्याहून खोल होती. बलुतेदाराला नाही म्हणायची सोय नव्हती. काम जन्मावर ठरलेले, मोबदला गावाने ठरवलेला, आणि ज्यांच्या वाट्याला सगळ्यात कष्टाची कामे होती, त्यांना सगळ्यात जास्त अपमान. १९२८ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात महार वतनासंबंधी विधेयक मांडले. थोड्याशा वतनासाठी रात्रंदिवस राबण्याची ही बांधीलकी सुटावी, हा त्याचा गाभा होता. कनिष्ठ ग्रामवतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले. तेव्हा "पूर्वी कसे, कोणी येण्याचे पैसे मागत नव्हते" असे म्हणताना, पूर्वी त्याला मागण्याचा अधिकारच नव्हता, हेही लक्षात ठेवावे लागते.

सुतार-लोहारांचे बलुते कायद्याने संपले नाही, ते कारखान्याने संपवले. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर आणला, १९१० साली किर्लोस्करवाडी वसवली, आणि लाकडी नांगर हळूहळू परसात पडला. आपल्या जिल्ह्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नातून प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० च्या सुमारास सुरू झाला. पाठोपाठ इतर कारखाने आले. १९५० मध्येच केंद्र सरकारची कारागीर प्रशिक्षण योजना आली, तिच्यातून आयटीआय उभे राहिले. लोहाराचा मुलगा फिटर झाला, सुताराचा मुलगा पॅटर्नमेकर झाला. महिन्याला पगार आणि रविवारी सुट्टी. खळ्यावर पायली पसरून उभे राहायला कोण परत येणार होते?

शहरातले पाणी आणि शहरातले कारागीर

नगर शहराची गोष्ट थोडी वेगळी. (जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे, पण माझ्या पिढीच्या जिभेला नगरचे वळण आहे, क्षमस्व.) १४९० मध्ये मलिक अहमद निजामशहाने शहर वसवले आणि पुढे कापूरवाडी, शेंडी, वडगाव अशा आसपासच्या गावांतून खापरी नळांनी पाणी आणले. मातीचे भाजलेले नळ एकात एक बसवून, जमिनीखालून, नुसत्या उतारावर पाणी शहरातल्या हौदांपर्यंत आणायचे. ना पंप, ना वीज. अशा नळाला गळती लागली तर शोधायची कुठे, हे जाणणारे कसबी लोक तेव्हा दरबाराच्या पदरी असत. घरोघर नळ नव्हता, म्हणून घरोघर नळवाल्याची गरजही नव्हती.

कसबी माणसाला लांबून बोलावून मोल देण्याची रीतही आपल्या गावाला जुनीच. विजापूरला जी प्रसिद्ध मुलुख मैदान तोफ आहे, ती १५४९ साली आपल्या नगरात ओतलेली. ओतणारा महंमद बिन हुसेन रूमी, नावाप्रमाणेच तुर्की मुलखाचा. त्याला येण्याचे किती पैसे दिले याची पावती काही माझ्या पाहण्यात नाही. पण वायसरपेक्षा नक्कीच जास्त असणार!

पुढे १८५४ मध्ये नगरपालिका झाली, कालांतराने घरोघर लोखंडी नळ आले. मुळा धरणाचे पाणी शहराला मिळू लागले. २००३ मध्ये महापालिका झाली. आपली सोसायटी उभी राहिली ती या बदलाच्या आधी तीन वर्षे. सावेडीत तेव्हा मोकळी रानेच जास्त. मीटरपर्यंतचा नळ पालिकेचा, मीटरपासून आतला तुमचा, हा नियम त्याच काळात आपल्याला कळला. विजेचेही तसेच. मीटरपर्यंत बोर्ड, मीटरनंतर आपण. म्हणजे शहराने आपल्याला पाणी दिले, वीज दिली, पण दरबारी नळवाला काही दिला नाही. तो ज्याचा त्याने शोधायचा.

माझी जमाखर्चाची वही

बँकेत होतो म्हणून असेल, घरखर्चाची वही मी लग्नापासून ठेवत आलो. त्यातल्या दोन नोंदी सांगतो.

१९८१ : "स्वयंपाकघरातील नळ. वायसर १.५०, मजुरी ३.००." तेव्हा मी क्लार्क होतो, पगार चौदाशे रुपयांच्या आसपास. म्हणजे नळवाल्याची मजुरी माझ्या महिन्याच्या पगाराचा साधारण साडेचारशेवा भाग.

आज तेच काम करायला आलेला माणूस येण्याचे तीनशे घेतो. माझ्या जुन्या शाखेत नुकताच लागलेला मुलगा सांगत होता की त्याचा पगार पंचेचाळीस हजारांच्या आसपास आहे. म्हणजे दीडशेवा भाग. महागाई वगैरे सगळी वजा करूनही ही मजुरी सरळ तिप्पट झाली आहे. तेव्हा सभासदांची तक्रार खोटी नाही, ही पहिली कबुली.

दुसरी नोंद १९८४ ची : "रंगीत टीव्ही ७,८००." आमचा जवळजवळ चार महिन्यांचा पगार त्यात गेला होता आणि सौ. आठ दिवस बोलत नव्हती. आज त्याहून मोठा आणि चांगला टीव्ही नव्या क्लार्कला महिन्याच्या पगाराच्या तिसऱ्या हिश्श्यात मिळतो.

म्हणजे वस्तू स्वस्त होत गेल्या आणि हात महाग होत गेले. याचे कारण अमेरिकेतले अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल यांनी १९६० च्या दशकात फार सोप्या उदाहरणाने दाखवले. चार वादकांनी मिळून वाजवायची रचना दोनशे वर्षांपूर्वी चार जणच वाजवत, आजही चारच लागतात आणि वेळही तेवढाच लागतो. कारखान्यात मात्र तेवढ्याच माणसांकडून शंभरपट माल निघतो. कारखान्यातले पगार वाढले की वादकालाही जास्त द्यावे लागतात, नाहीतर तो वाद्य ठेवून कारखान्यात जाईल. आपल्या नळवाल्याचे हेच आहे. टीव्ही यंत्र बनवते. वायसर मात्र आजही एकाच माणसाने, ओट्याखाली वाकून, पान्यानेच बदलावे लागते. त्याला पुरेसे मिळाले नाही तर तो एमआयडीसीत जाईल.

ठराव क्रमांक सात

आता माझी चूक.

सोसायटीच्या पहिल्या दहा-बारा वर्षांत आपल्याकडे एक ठरलेला नळवाला आणि एक ठरलेला वायरमन येत असे. नळवाला आधी सायकलवर आणि मग लुनावर. (ती लुनाही आपल्या नगरच्याच कारखान्यातली.) चौकातल्या हार्डवेअरच्या दुकानात चिठ्ठी ठेवली की संध्याकाळपर्यंत माणूस हजर. मोबाईल आल्यावर चिठ्ठी गेली. मग त्याच्यावर कामे वाढली, मुलगा हाताशी आला, आणि हळूहळू "येण्याचे शंभर", "येण्याचे दोनशे" सुरू झाले.

ऑगस्ट २०२२ मध्ये आपल्या दुसऱ्या इमारतीतल्या एका वहिनींचा गीझर चालेना. वहिनी एकट्या राहतात, मुलगा परदेशात. नेहमीचा वायरमन फोन उचलत नव्हता, म्हणून त्यांनी मोबाईलवर शोधून 'सर्व्हिस सेंटर' म्हणून दिसलेल्या नंबरला फोन केला. एक मुलगा आला, बोर्डातले खाली पडलेले एमसीबीचे बटण त्याने वर केले, गीझर सुरू झाला, आणि त्याने ५९० रुपये मागितले. पाचशे व्हिजिटचे आणि अठरा टक्के जीएसटी नव्वद. वहिनींनी निमूट दिले. पावतीवर ना दुकानाचा पत्ता, ना जीएसटी नंबर.

ही हकीकत सप्टेंबरच्या वार्षिक सभेत निघाली आणि सगळे पेटले. मीही उठलो. बटण दाबायचे ५९० रुपये! माझ्याच सूचनेवरून ठराव क्रमांक सात मंजूर झाला : कोणत्याही सभासदाने शंभर रुपयांपेक्षा जास्त व्हिजिट चार्ज देऊ नये, आणि मागणाऱ्यास गेटवरूनच परत पाठवावे. टाळ्या पडल्या. मला बरे वाटले.

परिणाम काय झाला? ज्याने वहिनींना फसवले, तो काही पुन्हा येणार नव्हताच. परत गेला तो आपला जुना, प्रामाणिक वायरमन. वॉचमनने त्याला गेटवर ठराव वाचून दाखवला. तो काही बोलला नाही, गाडी वळवून गेला. त्याच महिन्यात नळवाल्यानेही येणे बंद केले. पाईपलाईन रोडच्या एवढ्या जवळ राहून पाईप दुरुस्त करणारा मिळेना, असा विनोद तेव्हा चालला होता.

विनोद फेब्रुवारी २०२३ मध्ये संपला. एका सकाळी वहिनींच्या खालच्या मजल्यावरच्या शाळकरी मुलीला फ्रीजच्या दाराचा झटका बसला. हात झटकला गेला म्हणून बरे. मी चौकशी करत वर गेलो, तर वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, माझ्या बाथरूमच्या नळालाही मुंग्या येतात. तीन आठवडे झाले. मी रबरी चपला घालून आंघोळ करते."

"मग सांगितलं का नाही?"

"कुणाला बोलावू? पुन्हा पाचशे-सहाशे गेले असते. आणि तुमचा ठराव."

तो शब्द ऐकून मी काय उत्तर देणार? खाली आलो, इमारतीचा मेन स्विच बंद करायला लावला, आणि रिक्षा करून वायरमनच्या घरी गेलो. तो जेवत होता. मी म्हटले, "राग माझ्यावर काढ, पण आत्ता चल." त्याने ताटावरून उठून हत्यारांची पिशवी घेतली.

बटण का पडले होते?

त्याने दोन तास काम केले आणि मला जे समजावले, ते सगळ्यांनी वाचावे म्हणून लिहितो.

आपल्या बोअरच्या पाण्यात क्षार फार. गीझरच्या कॉईलवर पांढरा थर चढतो, कॉईल जास्त तापते, तिच्या नळीला तडा जातो आणि वीज पाण्यात आणि गीझरच्या टाकीत उतरू लागते. अर्थिंग चांगले असेल तर ती वीज जमिनीत जाते आणि एमसीबी पडतो. ऑगस्टमध्ये तेच झाले होते. पावसाने अर्थिंगचा खड्डा ओला होता, म्हणून बटण पडले. ते बटण म्हणजे धोक्याची घंटा होती. आलेल्या मुलाने घंटा बंद केली आणि घंटेचे पैसे घेतले. आग कुठे आहे ते पाहिलेच नाही.

फेब्रुवारीपर्यंत खड्डा कोरडा ठणठणीत झाला, आणि वर्षानुवर्षे न पाहिलेला अर्थिंगचा क्लॅम्प गंजून तुटला. आता वीज जमिनीत जाईना. इमारतीतल्या सगळ्या घरांची अर्थिंगची तार एकच. त्यामुळे वहिनींच्या गीझरची वीज त्या तारेतून खालच्या घरातल्या फ्रीजच्या पत्र्यावर येऊन बसली. एका घराने पैसे वाचवायला दुरुस्ती लांबवली, झटका दुसऱ्या घरातल्या मुलीला बसला. आणि अर्थिंगचा खड्डा तर सोसायटीचा, म्हणजे आपल्या सगळ्यांचा. त्यात दोन बादल्या पाणी कोणी कधी घातले होते?

तेव्हा वहिनींच्या ५९० रुपयांबद्दलची आपली तक्रारच चुकीच्या जागी होती. "बटण दाबायला एवढे?" असे आपण ओरडलो. ओरडायला हवे होते ते "बटण का पडले हे न बघता एवढे?" असे. येण्याचे पैसे हे हात हलवण्याचे नसतात, डोके चालवण्याचे असतात. डॉक्टर तपासून "काही झालेले नाही" म्हणाला तरी आपण फी देतो, कारण त्याने तपासले. जो तपासतच नाही, त्याला शंभरही जास्त, आणि जो तपासतो त्याला तीनशे कमी.

काम झाल्यावर मी त्याला विचारले, "खरे सांग, तीनशे कसे पडतात?" त्याने माझ्याच वहीत हिशोब मांडला. दिवसाला सरासरी चार कामे, तीनशेप्रमाणे बाराशे. महिन्यातले चोवीस दिवस धरले तर २८,८००. पेट्रोल रोज दीडशे, म्हणजे ३,६००. गाडीचा हप्ता २,८००. हत्यारे आणि फोन १,४००. हातात राहिले २१,०००. यात आजारपण नाही, फंड नाही, रजा नाही, पेन्शन नाही. आणि बंद दारावरून परत गेलेली खेप, "नंतर देतो" म्हणालेले गिऱ्हाईक, हेही यातच. मी आयुष्यभर लोकांचे कर्जाचे अर्ज तपासले. प्रोसेसिंग फी आणि तपासणीचा आकार बँकेने लावला तेव्हा मला कधी वावगे वाटले नाही. हा हिशोब तपासायला मला पंच्याहत्तरी जवळ यावी लागली.

तो म्हणाला, "साहेब, तुम्ही शंभर ठरवले त्याचे दुःख नाही. मला न विचारता ठरवले आणि गेटवर वाचून दाखवले, त्याचे वाटले."

खळ्यावर गावाने सुताराचा वाटा ठरवायचा आणि त्याने मान खाली घालून न्यायचा, तेच मी ठराव क्रमांक सात म्हणून केले होते.

आता काय चालते

मार्च २०२३ च्या विशेष सभेत तो ठराव मीच मांडून मागे घेतला. त्याजागी जे ठरले, ते नव्या सभासदांसाठी थोडक्यात :

प्रत्येक घराने वर्षाला सहाशे रुपये, म्हणजे महिन्याला पन्नास. आपल्या चाळीस घरांचे चोवीस हजार होतात. त्यातले बारा हजार वायरमनला, बारा हजार नळवाल्याला, सहा-सहा महिन्यांनी आगाऊ. त्याबदल्यात बोलावल्या दिवशी येणे, पहिला अर्धा तास येण्याचे पैसे नाहीत. त्यापुढचे काम ठरलेल्या दराने, दरपत्रक नोटीस बोर्डावर. सामान दुकानाच्या बिलाने, जुना भाग घरमालकाच्या हातात द्यायचा. अर्थिंगची तपासणी वर्षातून दोनदा. आणि दोन्ही बाजूंना महिनाभर आधी सांगून करार सोडण्याची मुभा. बलुत्यात हीच मुभा नव्हती. दर त्या दोघांना सभेत खुर्चीवर बसवून, चहा देऊन ठरवला, हेही नमूद करतो.

कोणती दुरुस्ती कोणी करायची यावरून भांडणे होतात, म्हणून तेही सांगून टाकतो. आदर्श उपविधीप्रमाणे बाहेरच्या पाईपलाईन, पाण्याच्या टाक्या, पंप, ड्रेनेज, जिन्यातले दिवे, गच्चीची गळती, आणि घराच्या मेन स्विचपर्यंतची वीज ही सोसायटीची जबाबदारी. घराच्या आतले ज्याचे त्याने. आपण दुरुस्ती-देखभाल निधीला बांधकाम खर्चाच्या वर्षाला किमान पाऊण टक्का आणि सिंकिंग फंडाला किमान पाव टक्का भरतो तो यासाठीच. त्या वर्गणीवर कुरकुर करणाऱ्यांनी फ्रीजच्या दाराची गोष्ट आठवावी.

बाहेरचा माणूस बोलवायची वेळ आलीच, तर चार गोष्टी. येण्याचे किती आणि काम केले नाही तरी द्यायचे का, हे फोनवरच विचारा. कंपनीचा नंबर इंटरनेटवर न शोधता वॉरंटी कार्डावरून किंवा वस्तूवरच्या पट्टीवरून घ्या. कोणी जीएसटी लावला तर नंबर असलेले बिल मागा. एकट्यादुकट्या कारागिराची वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या आत असेल तर त्याला नोंदणी सक्तीची नसते, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी घेताही येत नाही. आणि पैसे उघड फसवून घेतले असतील तर गप्प बसू नका. १९८६ पासून आपल्याला ग्राहक संरक्षण कायदा आहे, २०१९ चा नवा कायदा २०२० पासून लागू आहे. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ च्या सुमारास ग्राहक पंचायतीचे काम सुरू केले तेव्हा असा कायदाही नव्हता.

आणि पाचवी गोष्ट, सगळ्यात सोपी. आपल्या बोर्डात तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी आहे का ते आजच पाहा. वीज गळू लागली की तो क्षणात पुरवठा तोडतो. त्यावरचे 'टी' लिहिलेले बटण महिन्यातून एकदा दाबा. ते दाबायला येण्याचे पैसे लागत नाहीत.

कराराला आता दोन वर्षांवर काळ झाला. रजिस्टर मी चाळले. सगळेच गोड नाही. मे महिन्यात नळवाला दोन दिवस उशिरा आला म्हणून तक्रार आहे, आणि अर्ध्या तासाच्या कामासाठी त्याच्याकडून पंखे पुसून घेतले म्हणून त्याचीही आपल्याविरुद्ध तक्रार आहे. पण अर्थिंगच्या नोंदी सहा महिन्यांनी वेळेवर आहेत. आणि वहिनींच्या नावापुढे गेल्या वर्षात पाच वेळा बोलावल्याची नोंद आहे. एवढ्या वेळा का, म्हणून एका सभासदाने शंका काढली होती. मी म्हटले, बोलावू द्या. त्या आता मुंग्या आल्या की तीन आठवडे थांबत नाहीत.

त्या खालच्या मजल्यावरच्या मुलीने यंदा दहावीची परीक्षा दिली. या अंकाच्या मुखपृष्ठावर इमारतीचे जे चित्र आहे, ते तिनेच काढले आहे. जिन्याजवळच्या कोपऱ्यात झाकण असलेला एक छोटा चौकोन दिसेल. काही जणांना ती कुंडी वाटली. तो अर्थिंगचा खड्डा आहे.

सुवर्णमहोत्सवाचा हिशोब दुसऱ्या कोणीतरी लिहावा. वही मी जपून ठेवली आहे.